केबिनचं दार उघडं ठेवा



अत्याचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाव येतं. विहीर येते, जळकं घर येतं. ते खरंच आहे. पण जी पोरं शिकून शहरात आली, बँकेत, कंपनीत, इस्पितळात चिकटली, त्यांच्या मागोमाग जातही इस्त्रीचे कपडे घालून आली. ती आता शिवी देत नाही. ती आडनाव विचारते. आडनावानं काम भागलं नाही तर गाव विचारते, मग हसत हसत 'कोट्यातून का?' आणि मार्चअखेरीला गोपनीय अहवालात 'साधारण' एवढाच शेरा मारून मोकळी होते.

हे काल-परवाचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, म्हणून तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि आमच्या थुंकीनं शेजारचा कामगार बाटतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी सांगितलं, की आपल्या माणसाला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातही राबावं लागतं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी त्याच सभेत सांगितले. कॉम्रेड लोक पहिला विसरले. आपल्यातले साहेब झालेले दोन्ही विसरले.

आता कायद्याचं. अ‍ॅट्रॉसिटीची केस म्हटली की वकील कलम ३(१) मधली 'आर' आणि 'एस' ही दोनच पोटकलमं काढतो. अपमान आणि जातिवाचक शिवीगाळ. दोन्हींत अट एकच: लोकांच्या नजरेसमोर घडलं पाहिजे. साहेब काय खुळा आहे? तो केबिनमध्ये बोलावतो आणि दार लावून घेतो. ३१ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूतला एक खटला रद्द केला. महसूल खात्यातल्या दलित कर्मचाऱ्याची तक्रार होती, की कामासाठी आलेल्या माणसानं त्याच्याच कचेरीत त्याला जातीवरून शिव्या दिल्या. सहकारी आले ते नंतर. कोर्ट म्हणालं, चार भिंतींच्या आत घडलं, लोकांसमोर नाही, म्हणून गुन्हा बसत नाही. म्हणजे साक्षीला कोण? भिंत!

पण कायदा इथं संपत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनं त्याच कलमात 'झेड-ए' आलं. त्याचा 'ई' भाग वकिलाच्या नाकासमोर धरा. दलिताला धंदा किंवा नोकरी करण्यापासून अडवणं हाच गुन्हा, सहा महिने ते पाच वर्षं. तिथं 'लोकांसमोर'ची अट नाही. बढती अडवणं त्यात बसतं की नाही, यावर कोर्टात भांडावं लागेल. भांडू. राज्यघटनेचं कलम १६ सरकारच्या फाटकाशी थांबतं, खाजगी मालकाच्या आत शिरत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा मात्र शिरतो: चौथ्या कलमात नोकरी आहे, आणि बाराव्या कलमानं 'अस्पृश्यतेपोटी केलं नाही' हे आरोपीनं सिद्ध करायचं. (दंड १०० ते ५०० रुपये! साहेबाचं चहापाणी. कैद मात्र निदान महिनाभराची.)

फौजदार म्हणाला 'आधी चौकशी करू', तर त्याला १८-अ दाखवा. गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची गरज नाही. २० मार्च २०१८ च्या निकालानं कायद्याचे दात पाडले होते. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये आपली पोरं मेली, तेव्हा कुठं त्याच वर्षी हे कलम आलं. फुकट मिळालेलं नाही ते.

मी एका सरकारी कचेरीत होतो. माझा शेरा मला कधी दाखवत नसत. सुप्रीम कोर्टानं २००८ ला देव दत्त खटल्यात सांगितलंय, की सरकारी नोकराचा शेरा चांगला असो की वाईट, त्याला कळवलाच पाहिजे. मी तो निकाल जोडून लेखी अर्ज केला. शेजारच्या टेबलावरचे दोघे चहाला बोलवायचे बंद झाले. कागद मात्र आला. बढतीही आली, तीन वर्षं उशिरा. 'जातीचं कार्ड खेळतो' हे त्या तीन वर्षांत मी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. च्यायला, पत्ते पिसणार तुम्ही, वाटणार तुम्ही, आणि खेळतो म्हणे मी!

तर केबिनमध्ये बोलावलं की दार उघडं ठेवा. शक्यतो सोबत कुणीतरी घ्या. बाहेर आल्यावर त्याच दिवशी साहेबालाच लेखी पाठवा, की आज अमुक वाजता तुम्ही मला असं असं म्हणालात. शब्द जसेच्या तसे, शिवीसुद्धा. प्रत घरी ठेवा, कचेरीच्या कपाटात नको. सरकारी खात्यात असाल तर एक प्रत अनुसूचित जाती आयोगाला.

आणि युनियन. पगारवाढ, बोनस, कँटीन, सगळं मागणीपत्रात असतं, जात नसते. येत्या सभेत उभे राहा आणि जातीच्या छळाची मागणी त्यात घाला म्हणून सांगा. नाही म्हणाले, तर ते 'नाही' कोण कोण म्हणालं, ते नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या.