दार लावून प्रभूची वाट पाहता येत नाही

आगमनकाळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामांतून जगाच्या अंताची पत्रके फिरू लागतात. पूर्वी ती छापील असत, चर्चच्या दारात हातात ठेवली जात. आता ती मोबाइलवरून येतात. मजकूर मात्र तोच. तीन दिवस पृथ्वीवर काळोख पसरेल, केवळ मधमाश्यांच्या मेणाच्या आशीर्वादित मेणबत्त्या पेटतील, श्रद्धावंतांनी दारे-खिडक्या घट्ट लावून घ्याव्यात, बाहेर डोकावू नये आणि बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी दार उघडू नये. खाली कधी धन्यवादित अ‍ॅना मारिया तायगी (१७६९-१८३७) यांचे नाव असते, तर कधी संत पाद्रे पिओ यांचे. शेवटी, हा संदेश दहा जणांना पाठवा, अशी आज्ञा.

अशा पत्रकांकडे भाबडेपणा म्हणून दुर्लक्ष करावे, असे काही सुज्ञ सांगतात. आम्हांस ते मान्य नाही. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तयारी म्हणून जे येथे शिकवले जात आहे, ते शुभवर्तमानाच्या नेमके उलट आहे. प्रभूने तयारीचा दाखला दिला तो कोणता? लग्नाहून परतणाऱ्या धन्याची वाट पाहणारे सेवक, कंबरा कसलेले, दिवे पेटते ठेवलेले, कशासाठी? तो येऊन दार ठोठावताच तत्काळ उघडता यावे यासाठी. संत लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याला दाराला कडी लावून बसण्याचा उपदेश कसा पटावा? संत मत्तयने अंतिम न्यायाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात तर न्यायाधीश स्वतःच परका, भुकेला, उघडा होऊन आपल्या दारी येऊन गेलेला असतो. ज्याने दार उघडले नाही, तो डावीकडे जातो. मेणबत्ती कोणत्या मेणाची होती, हे तेथे कोणी विचारत नाही.

तारखा सांगणाऱ्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तो दिवस वा ती घटका कोणालाच, पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, हे संत मार्कच्या तेराव्या अध्यायात प्रभूच्या मुखीचे वचन आहे. तरीही पुत्राहून अधिक जाणणारे निघतातच! अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. काही शेतकऱ्यांनी उभी पिके शेतातच सोडली. दक्षिण कोरियात ली जांग-रिम या धर्मोपदेशकाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरदार विकून पैसे दिले. त्याने स्वतः मात्र १९९३ मध्ये मुदत पुरी होणारे रोखे घेऊन ठेवले होते; पुढे फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. अमेरिकेतील रेडिओ-प्रचारक हॅरोल्ड कँपिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती टळताच २१ ऑक्टोबर. पुढल्या वर्षी त्यांनी आपली चूक कबूल केली; परंतु ज्यांनी आयुष्याची पुंजी जाहिरातफलकांवर उधळली होती, त्यांचे काय?

हा रोग नवा नाही. थेस्सलनीका येथील काही जण प्रभूचा दिवस येऊन ठेपला या समजुतीने गडबडून गेले होते. काही तर कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या उठाठेवी करीत होते. संत पौलाने त्यांना मेणबत्त्या साठवायला सांगितले नाही. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, स्वतःची भाकर स्वतः कमवावी आणि भले करताना थकू नये, एवढेच त्यांना बजावले.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: भीतीने का होईना, लोक प्रायश्चित्त संस्काराला येतात ना? येतात खरे. पण तारीख टळली की भीती ओसरते आणि मागे उरतो उपहास. तोही धर्मगुरूंचा नव्हे, तर प्रभूच्या अभिवचनाचाच. शिवाय आरंभीचे ख्रिस्ती प्रभूच्या येण्याला भीत नव्हते. ‘मारानाथा’ या अरमायी शब्दाने ते त्याला बोलावीत होते. ज्याची भीती वाटते त्याला कोणी आर्जवाने बोलावते काय? ख्रिस्ती आशा म्हणतात ती हीच.

पत्रकांना हसणाऱ्या सुशिक्षितांनीही फार समाधान मानू नये. प्रभू गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा व मृतांचा न्याय करील, असे आपण दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो. मिस्सा संपण्यापूर्वी ते विसरतो. आगमनकाळाच्या आरंभापासून १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर या पुनरागमनावरच असतो. आपला भर मात्र पहिल्या दिवसापासून गोठा, कपडे आणि करंज्यांवर. एकाने दार भीतीने लावले आहे, दुसऱ्याने कोणी येणारच नाही म्हणून. उंबरठ्यावर उभा असलेल्याला दोन्ही सारखेच.

नव्या पृथ्वीच्या प्रतीक्षेने या पृथ्वीची काळजी मंदावता कामा नये, उलट वाढावी, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये दिली. वसईत १९९० च्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती विहिरींच्या पाण्यासाठी, हिरव्या वाड्यांसाठी उभी राहिली, तेव्हा काहींनी विचारले, धर्मगुरूचे हे काम आहे काय? आम्ही म्हणतो, धनी परत येणार आहे यावर ज्याचा विश्वास आहे, तोच त्याचा मळा राखतो.

म्हणून या आगमनकाळी आमचे सांगणे थोडके आहे. प्रार्थनागटांच्या प्रमुखांनी भीतीचा संदेश पुढे पाठवू नये. आला तर तो तेथेच थांबवावा. धर्मगुरूंनी पुनरागमनाचा विषय पत्रकवाल्यांवर न सोडता व्यासपीठावरून स्वतः मांडावा. आणि कुटुंबांनी, बांधावरून ज्या भावाशी दहा वर्षे अबोला आहे, त्याच्या घरी नाताळापूर्वी जावे. परप्रांतातून आलेल्या भाडेकरूला नावाने ओळखावे. एकट्या पडलेल्या म्हातारीच्या घरी जाऊन बसावे. प्रभू आज रात्री आला किंवा हजार वर्षांनी आला, तरी तो विचारणार आहे ते याच घरांविषयी.