कॉम्प्युटरची चार वर्षं वाया जात नाहीत

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या दिवसांत घरोघरी एकच वाद रंगतो. कोड आता एआय लिहितं, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी चार वर्षं आणि लाखो रुपये कशाला घालवायचे? सहा महिन्यांचा कोर्स करावा आणि कामाला लागावं. या सल्ल्याची किंमत उद्या मुलांनाच मोजावी लागणार आहे, म्हणून तो खोडून काढणं भाग आहे.

कोड टाइप करणं म्हणजेच हा अभ्यास, असं हा सल्ला देणारी मंडळी धरून चालली आहेत. दुसऱ्या वर्षाला, म्हणजे एसईला, शिकवला जाणारा बायनरी सर्च घ्या. क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य काढायचा, हवी ती नोंद कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं आणि उरलेली अर्धी यादी सोडून द्यायची. मध्य काढायला दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागतात. दिसायला बिनचूक. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. यादी साधारण १०७ कोटी नोंदींपुढे गेली की ही बेरीज मर्यादा ओलांडू शकते, उत्तर ऋण येतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. जावाच्या लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली ती जाहीरपणे मांडली.

आज एआय बहुधा दुरुस्त सूत्र देईल, कारण ही चूक गाजलेली आहे. जी अजून कोणालाच सापडलेली नाही, ती कोण पकडणार? संख्या मेमरीत कशी साठते हे ज्याने कागदावर बिटं मांडून पाहिलंय, त्याच्याकडूनच ती आशा. १९९६ साली एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभरही टिकलं नाही. ६४ बिटांतली संख्या १६ बिटांत बसवायला गेल्याचा तो परिणाम होता.

अभ्यासक्रम जुना आहे, हा दुसरा आक्षेप. जुना आहेच! डाइक्स्ट्रांचा अल्गोरिदम १९५९ चा, कॉड यांचं रिलेशनल मॉडेल १९७० चं. डेटाबेसची असंख्य कामं आजही त्याच मांडणीवर चालतात. कोर्समध्ये घोकलेलं फ्रेमवर्क किती दिवस टिकतं, ते नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा.

एक तक्रार मात्र खरी आहे. सबमिशनच्या आठवड्यात असाइनमेंटचा कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, प्रिंट काढून फाइलला लागतो, सह्या होतात. ओरलला व्याख्या विचारतात, त्याही पाठ असतात. अशी चार वर्षं काढणाऱ्यापेक्षा सहा महिन्यांचा कोर्स मनापासून करणारा बरा, हे मला मान्य आहे. पण म्हणून पदवीच मोडीत काढायची? बदलायला हवी ती परीक्षा.

ओरलला विद्यार्थ्याला त्याचाच प्रोग्रॅम उघडायला सांगा. त्यातली एक ओळ बदला आणि आता काय होईल ते विचारा. ज्याने तो स्वतः चालवून, मोडून, पुन्हा उभा केलाय, तो अडखळत का होईना, उत्तरापर्यंत पोहोचेल. कोड एआयकडून घेतलेला असला तरी चालेल. समजून घेतलाय की नाही, ते तिथल्या तिथे कळेल. आणि लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. लातूर-नांदेडहून आलेल्या ज्या मुलीकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, तिचा अभ्यास आज पाच वाजता लॅबला कुलूप लागलं की तिथेच थांबतो.