हेडफोन घेताना

मुलाने हेडफोन मागितला की आपण आधी खिसा चाचपतो. पगारातून पाचशे-सातशे काढायचे तर ते सत्कारणी लागले पाहिजेत. माझे स्पष्ट मत असे की, एवढ्या पैशांत वायरचाच घ्यावा. बिनवायरच्या संचात आपले पैसे बॅटरी, चार्जिंगची डबी आणि ब्लूटूथ यांतच वाटले जातात. आवाजाच्या वाट्याला थोडेच उरतात. शिवाय ती इवलीशी बॅटरी काही वर्षांत मान टाकते. फक्त मोबाईलला गोल पिन लागते की टाइप-सी, एवढे घरूनच पाहून जावे.

दुकानदार आवाज चढवून ऐकवील. भुलू नका! मोठा आवाज क्षणभर चांगलाच वाटतो. दोन नग सारख्याच आवाजावर, आपल्याला पाठ असलेल्या गाण्यावर ऐका. ढोलकीच्या थापेखाली गायकाचे शब्द दबत असतील तर तो नग परत द्या.

खोक्यात लहानमोठ्या रबरी टोप्या असतात. पुष्कळ जण त्या तशाच टाकून देतात. टोपी कानात सैल बसली की खर्ज नाहीसा होतो आणि आपण कंपनीला नावे ठेवतो. नीट बसली तर बाहेरचा गोंगाट अडतो, लोकलच्या गर्दीतही कमी आवाज पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे चालते. ९० वर फक्त ४ तास. मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. रूळ-रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

आणि पावती मागून घ्या. वायर बहुधा पिनेपाशीच तुटते; पावती नसली तर दुकानदार वॉरंटीचे नावही काढू देत नाही.