प्रेमकथेवरचा दुसरा हात

जेन ऑस्टिनने ‘पर्सुएशन’ या कादंबरीचं शेवटचं पान १८ जुलै १८१६ रोजी लिहून संपवलं आणि खाली तारीख घातली. काम झालं होतं, पण तिला चैन पडेना. आठेक वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून दुरावलेली अ‍ॅन एलियट आणि कॅप्टन वेंटवर्थ पुन्हा एकत्र येतात, नेमकं तेच प्रकरण तिला मिळमिळीत वाटत होतं. प्रकृती खालावलेली, त्यात ही रुखरुख. एका रात्री ती अगदी खचून झोपायला गेली आणि सकाळी उठली ती नव्या कल्पना घेऊनच, असं तिच्या पुतण्याने पुढे तिच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे. ६ ऑगस्टपर्यंत तिने ते प्रकरण काढून त्या जागी दोन नवी प्रकरणं लिहिली होती.

गेले काही महिने ती रात्र आणि ती सकाळ माझ्या डोक्यात घोळते आहे, कारण माझ्याही टेबलावर एका प्रेमकादंबरीचा कच्चा खर्डा आहे. पहिल्यांदा लिहिताना प्रेमकथा लेखकाला ओढून नेते. तो कधी मान वर करून बघेल, ती काय उत्तर देईल, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुसरा हात फिरवायला बसलं की सगळं ठाऊक असतं. रहस्यकथेतला दुवा थंड डोक्याने तपासता येतो. प्रेमाचा प्रसंग थंड डोक्याने वाचला तर प्रत्येक वाक्य खोटं वाटतं, आणि पूर्वीची हुरहुर काही मागून मिळत नाही. एक प्रकरण तपासलं की आवडीचं काहीतरी खायचं, पहाटेची वेळ ठरवून घ्यायची, असे सल्ले मिळतात. त्यांनी माणूस टेबलापाशी बसतो, पण त्याला कथेतल्या त्या दोघांकडे परत जावंसं वाटेलच असं नाही.

ऑस्टिनला त्या सकाळी काय मिळालं असेल? दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की मला वाटतं, तिला एक प्रश्न मिळाला. जुन्या प्रकरणात अ‍ॅन आणि वेंटवर्थ एका खोलीत एकटी सापडतात. तिसऱ्याच माणसाने सोपवलेली चौकशी वेंटवर्थला करावी लागते, तिच्या उत्तराने गैरसमज फिटतो आणि मनं जुळतात. सगळं सोयीचं. नव्या प्रकरणात बाथ शहरातल्या व्हाइट हार्ट या हॉटेलातली खोली आहे आणि ती माणसांनी भरलेली आहे. खिडकीपाशी अ‍ॅन दुसऱ्याच एका कॅप्टनशी बोलते आहे: आशा सुटल्यावरही जास्त काळ प्रेम कोण करतं, पुरुष की बाई? पलीकडे टेबलाशी वेंटवर्थ कुणाच्या तरी कामाचं पत्र लिहितो आहे. त्याच्या हातून लेखणी खाली पडते. तो ऐकतो आहे. उरलेल्या कागदावर तो आपलं मन ओततो, त्या कॅप्टनबरोबर बाहेर पडतो, हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत येतो आणि पत्र तिच्यापुढे ठेवून निघून जातो. बोलायची मोकळीकच नसेल, तर ही दोघं एकमेकांपर्यंत पोचणार कशी? असा प्रश्न हाती आला की आजारी बाईसुद्धा पुन्हा लेखणी उचलते.

हा प्रश्न मराठी लेखकाला तर घरचाच आहे. आपल्याकडे प्रेम गर्दीतच झालं. दोन खोल्यांत आठ माणसं, चाळीची गॅलरी, लग्नघरातली पंगत, आरतीच्या वेळची दाटी. तरी कादंबरीत मात्र आपण नायक-नायिकेला उचलून टेकडीवर किंवा नदीकाठी नेऊन बसवतो. तिथे त्यांना अडवणारं कुणी नाही, म्हणून ती लांबलचक बोलत सुटतात. माझ्या खर्ड्यातला कबुलीचा प्रसंगही टेकडीवरच होता आणि त्याच्यापाशी आले की मला झोप यायची. तो मी उचलून सातारा-स्वारगेट एसटीत आणला. तिला बसायला जागा मिळाली आहे, तो उभा आहे, मध्ये टोपली घेतलेल्या आजी. तिला शिरवळला उतरायचं आहे. कंडक्टर जवळ येतो आणि तो म्हणतो, “दोन स्वारगेट.” ती खिडकीबाहेर बघत राहते, शिरवळचं नाव काढत नाही. टेकडीवरची चार पानं गेली आणि त्या दिवशी मी जेवायला उठायचं विसरले.

तेव्हापासून अडलेला प्रत्येक प्रसंग मी आधी हलवून बघते. जागा बदलली की अडचण बदलते, आणि अडचण बदलली की मला त्या दोघांविषयी पुन्हा कुतूहल वाटायला लागतं.

दुसरी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायचीच नाही. पहिली तीन प्रकरणं प्रत्येकाची घासूनपुसून लखलखीत असतात आणि मधली उपाशी राहतात. मी फक्त ती दोघं समोरासमोर असलेले प्रसंग छापून घेतले, जमिनीवर ओळीने मांडले आणि रंगीत पेन्सिलने ती एकमेकांना कसं हाकारतात तेवढंच अधोरेखित केलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ नेमकं कुठे होतं? आधी कोण म्हणतं? म्हटल्यावर समोरचा थबकतो का? भांडणात ‘तू’ पुन्हा ‘तुम्ही’वर जातं का? प्रेमाची अख्खी चाल या खुणांत उघडी पडते. ज्या प्रसंगाआधी आणि नंतर दोघांतलं अंतर तेवढंच राहतं, तो प्रसंग कितीही सुंदर लिहिला असला तरी निघतो.

निघालेलं मी फेकत नाही. त्यासाठी वेगळी वही आहे. वही आहे म्हणूनच कात्री चालवायचं धैर्य येतं. ऑस्टिनच्या सहा कादंबऱ्यांपैकी एकीचंही पूर्ण हस्तलिखित आज उरलेलं नाही. त्यांपैकी तिच्या हातची उरली आहेत ती ‘पर्सुएशन’च्या पहिल्या शेवटाची हीच पानं, ब्रिटिश लायब्ररीत.

काही दिवस मन इतकं कोरडं असतं की प्रेमाचा शब्दही नको होतो. घरात आजारपण असतं, किंवा नुसताच थकवा. त्या दिवसांसाठी कालनिर्णय. कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षीचं मिळवायचं आणि एकेक प्रसंग तारखेवर बसवायचा. चांदणं आहे म्हणता, तर तिथी कोणती? गणपतीनंतर किती दिवसांनी परीक्षा? मोगऱ्याचा गजरा मार्गशीर्षात कुठून आला? या कामाला हुरहुर लागत नाही, नजर लागते. आणि बऱ्याचदा तिथीवरून बोट फिरवताना एखादा प्रसंग स्वतःहून जागा होतो.

प्रेमकथेला एवढी मेहनत कशाला, असं अजूनही विचारलं जातं. मला त्याचं वाईट वाटतं. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांविषयी कुणाचं काहीही मत असो, ‘प्रतिभासाधन’मध्ये १९३१ साली त्यांनी कथालेखन हे तंत्राचं, रचनेचं काम म्हणून मांडलं. गिरगावात खटाववाडीतल्या ‘मौज’ प्रकाशनात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या खर्ड्यावर बारकाईने काम करत, त्याला पुन्हा लिहायला लावत. ती निगराणी फक्त ‘गंभीर’ साहित्याच्याच वाट्याला का यावी? वाचनालयात ज्या पुस्तकाची शिवण सुटेपर्यंत ते हातोहात फिरतं, त्या पुस्तकाचा वाचक आपला सगळ्यात विश्वासू वाचक आहे. त्याच्या हाती कच्चं काही देऊ नये.

माझी मावशी अशीच वाचक. आठवड्याला दोन पुस्तकं बदलणारी. मी तिला खर्डा वाचून दाखवते. मुद्दाम मोठ्याने, कारण खोटा संवाद डोळ्यांना चकवतो, पण जिभेला अडतो. ‘कसं वाटलं?’ असं तिला विचारायचं नाही. विचारलं तर ती मायेने ‘छान’ म्हणणार. ती चहा टाकायला कुठे उठते, एवढंच बघायचं आणि समासात खूण करायची. एकदा तर नायकाचं अख्खं स्वगत चालू असताना ती आतून म्हणाली, “तू वाच गं, मला ऐकू येतंय.” तिथे खूण केली. बसच्या प्रसंगाला मात्र तिने विचारलं, “मग शिरवळला तिची वाट कोण बघत होतं?” ते मी लिहिलेलंच नव्हतं. त्या प्रश्नातून एक नवं प्रकरण निघालं आणि पुढचे कितीतरी दिवस मला टेबलापाशी बसवायला कुणाची गरज लागली नाही.

ऑस्टिनच्या त्या दुरुस्तीतली आणखी एक गोष्ट मी मनाशी धरून ठेवली आहे. तिने सपाट प्रकरण काढलं, पण त्यानंतरचं शेवटचं प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. जे उभं होतं त्याला तिने हात लावला नाही. माझ्या कादंबरीतलं भांडणाचं प्रकरण मीही आता बंद करून ठेवलं आहे. त्यात अजून दोन-चार वाक्यं मला खुपतात, पण मावशी तिथे उठली नव्हती.