सव्वातीन सेंटिमीटरचा माणूस

परवा शेजारचा सातवीतला मुलगा तोंड पाडून आला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला तेलशुद्धीकरण कारखान्याची प्रतिकृती करायची होती. वडिलांचे म्हणणे, ‘बाजारात तयार मिळते, विकत घेऊ आणि मोकळे होऊ.’ मुलाला मात्र ती स्वतः करायची होती. ‘आजोबा, मला जमेल ना?’

जमेल की! पण मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीचे ते नळ्यांचे जंगल डोळ्यांपुढे आणले, तर मोठ्यांचीही छाती दडपते. म्हणून आम्ही मागे गेलो, आसामातल्या दिग्बोईला. १९०१ साली तिथे सुरू झालेला कारखाना आजही चालू आहे. देशातला चालू असलेला तो सर्वांत जुना.

त्या काळचे तंत्र स्वयंपाकघरातल्यासारखे साधे होते. आडव्या लोखंडी बॉयलरमध्ये कच्चे तेल भरायचे आणि खाली भट्टी पेटवायची. वाफ नळीतून पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या वेटोळ्यात जाते आणि थंड होऊन पुन्हा पातळ होते. हलके तेल आधी उकळते, जड मागाहून. भातावरचे झाकण उचलताना टपटपणारे थेंब ज्याने नीट पाहिले, त्याला ‘ऊर्ध्वपातन’ हा जडजंबाळ शब्द घोकावा लागत नाही.

‘म्हणजे पेट्रोल आधी निघायचे? मग ते लोक खूप श्रीमंत झाले असतील!’ मुलगा म्हणाला. त्याला सांगितले, मोटारी येण्यापूर्वी खरा माल म्हणजे दिव्याचे रॉकेल. पेट्रोल ही भडका उडवणारी कटकट होती आणि अनेक ठिकाणी ते चक्क फेकून दिले जाई. तो थक्क झाला. विकतच्या प्रतिकृतीने हा प्रश्न त्याच्या मनात आणला असता का?

दुधाच्या पावडरीचा डबा बॉयलर झाला, संपलेल्या रिफिली नळ्या झाल्या. वेटोळ्यासाठी तांब्याची तार हवी म्हणून जुन्या नाशकातल्या तांबट आळीत गेलो. तार आधी तापवली की मऊ पडते आणि हवी तशी वळते, हे तिथल्या एका कारागिराने करून दाखवले. हा धडा पाठ्यपुस्तकात नसतो.

प्रमाण धरले पन्नासास एक. साडेपाच फुटांचा माणूस या हिशेबाने साधारण सव्वातीन सेंटिमीटरचा होतो. मी पुठ्ठ्याचा तेवढा माणूस कापून भट्टीशी उभा केला आणि त्या डब्याचा एकदम अवाढव्य बॉयलर झाला. पण माणूस केवळ मापासाठी नको. दिग्बोईच्या कामगारांनी १९३९ साली मोठा संप केला होता आणि त्यात गोळीबार होऊन कामगारांचे प्राण गेले. तेलाचा इतिहास सांगताना भट्टीपुढे राबणारी माणसे गाळली, तर ती प्रतिकृती देखणी असेल, खरी नसेल.

हे आपल्यापासून दूरचे मुळीच नाही. मुंबईच्या रिफायनरीतले तेल जमिनीखालच्या नळातून आपल्याच जिल्ह्यात, मनमाडजवळच्या पानेवाडीला येते. त्या तेलावर आपल्या गाड्या धावतात. पण ते कसे तयार होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

म्हणून शाळांना एक विनंती. चकचकीत रंगाला गुण देऊ नका. मुलाला विचारा, हा भाग कशासाठी? कुठे चुकले, आणि ते कसे दुरुस्त केलेस? सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कितीतरी फिटर, टर्नर घरी बसून आहेत. त्यांना वर्गात बोलवा. त्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबरच संपू देऊ नका. आणि पालकांनो, पैसे देण्याऐवजी दोन रविवार द्या.

आमचा बॉयलर थोडा तिरका बसला आहे. दुसऱ्या रविवारी मुलाचे वडील सहज डोकावले आणि ‘इथे टेकू हवा’ म्हणत खाली बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा कुठे उठले.