तांब्याचा वरताळा

जुने भांडे देऊन नवे घेताना वर जी रोकड मोजावी लागते, तिला आपण वरताळा म्हणतो. धातूंच्या व्यवहारातही तो असतो. एम्. एस्‌सी.ला असताना तो मोजण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी हिशेबात चांगलाच घोटाळा केला.

मोरचूद व गंधकाम्ल यांच्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली, की एका ठरावीक विद्युतदाबावर दोघांची तडजोड होते. जितके तांबे विरघळते तितकेच परत बसते. ते विरघळतच राहावे, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण चालू राहावे, असे वाटत असेल तर दाब थोडा चढवावा लागतो. हा जादा दाब म्हणजे अतिविभव. वुर्झबुर्गच्या युलियस टाफेल यांनी १९०५ साली, हायड्रोजनवरील प्रयोगांतून, असे दाखवले की प्रवाह दसपट केला तरी हा वरताळा दर वेळी ठरावीक रकमेनेच वाढतो. तांबे विरघळताना ती रक्कम सुमारे ४० मिलिव्होल्ट. पहिला इलेक्ट्रॉन चटकन सुटतो, दुसरा आढेवेढे घेतो, त्याचा हा परिणाम.

माझे आकडे मात्र मोठ्या प्रवाहाला भराभर चढत गेले. शेजारच्या टेबलावरील विद्यार्थिनीचे तसे चढेनात. दोष तिच्याच उपकरणात आहे, असे मी सर्वांना पटवून दिले (वक्तृत्व त्या वेळीही बरे होते!), आणि बिचारीने महिनाभर सगळे प्रयोग पुन्हा केले.

पुढे स्वतः शिकवू लागल्यावर एकदा जुनी वही उघडली. माझ्याकडचा जादा भाग प्रवाह दुप्पट झाला की बरोबर दुप्पट होत होता. हे टाफेलचे गणित नव्हे. हा तर सरळ ओहमचा नियम! दाब मोजण्याची जी निमुळती काचेची नळी, लुगिनची नळी, तिचे टोक मी पट्टीपासून फार दूर ठेवले होते, आणि मधल्या द्रावणाचा रोध तांब्याच्या खात्यावर मांडत होतो. टोक अगदी चिकटवूनही चालत नाही. पट्टीचा तेवढा भाग झाकला जातो. टोकाच्या जाडीच्या दुप्पट अंतर बरे.

मी त्या बाईंना पत्र लिहून सारे कबूल केले. चार दिवसांनी कार्ड आले : "टोक दूर आहे हे मला त्याच वेळी दिसले होते. आपण विचारले असतेत तर सांगितले असते." खाली दिवाळीत सहकुटुंब फराळाला येण्याचे आमंत्रण होते.