घामाची प्रतिष्ठा

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघतील आणि पत्रिका छापल्या जातील. हल्ली ऐन मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन लग्न लावण्याची टूम आहे. लावा बापडे! माझे भांडण आहे ते पत्रिकेबरोबर येणाऱ्या हुकुमाशी : पुरुषांनी शेरवानी किंवा सूट घालावा!

तिथला पारा तेव्हा ३३ अंशांच्या आसपास असतो; पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. हे मी वर्गात मुलांना शिकवतो. यजमानांना कोणी शिकवायचे? पॉलिएस्टरच्या अस्तरात उकडून निघालेला म्हातारा मामा ही कसली शोभा?

प्रसंगाचा मान राखायला नको का, असे कोणी विचारील. जरूर राखावा, पण मान कापडाच्या जाडीवर मोजू नये. फिलिपिन्समध्ये अननसाच्या पानांच्या धाग्याचा झिरझिरीत बारोंग घालून नवरदेव उभा राहतो. क्यूबाने २०१० साली सैलसर ग्वायाबेरा सदऱ्याला सरकारी समारंभांचा पोशाख ठरवले. केरळात जरीकाठी मुंडू आहेच. यांतल्या कोणाची अब्रू गेली?

आपल्याकडे धोतर, मलमलीचा सदरा, उपरणे आहे. ज्याला धोतर जमत नाही त्याने सुती झब्बा-लेंगा घालावा, पायांत साध्या चपला.

यजमानहो, पत्रिकेवर एवढेच छापा : ‘पुरुषांनी सुती कपड्यांत यावे.’ मग आम्हा मास्तरांचे आहेराचे पैसे भाड्याच्या शेरवानीवर तरी जाणार नाहीत.